मागच्या सीटवरची माणसं

गाडी चालवायची हौस असलेला माणूस फॅमिली एसयूव्ही घ्यायला निघाला की लोक त्याच्याशी एकदम सांत्वनाच्या सुरात बोलायला लागतात. "आता काय, मुलाबाळांकडे बघून घ्यायची," म्हणत पाठीवर हात ठेवतात. जणू चालवणाऱ्याची आवड एका बाजूला, मागे बसणाऱ्यांचं सुख दुसऱ्या बाजूला, आणि संसारी माणसाने गपचूप आपली बाजू सोडून द्यायची. मला ही मांडणीच पटत नाही. जी गाडी चालवायला नीट असते तीच बसायलाही नीट असते, निदान आमच्याकडच्या रस्त्यांवर तरी. गेल्या पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत हे मत मी घरात, शोरूममध्ये आणि नातेवाइकांच्या ओसरीवर मांडत फिरलो. कुणी धड ऐकून घेतलं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

आमच्याकडचे रस्ते म्हणजे कुठले, ते आधी सांगतो. घर फोंड्यात. मी इथेच उच्च माध्यमिकात शिकवतो, विद्यालय घरापासून हाकेच्या अंतरावर. बायको पणजीला बँकेत, त्यामुळे तिची रोज म्हार्दोळ, कुंडई, बाणस्तारी अशी वारी. तिचं माहेर बेळगावचं. आणि आमचं मूळ घर सत्तरीत, केरीला, चोर्ला घाट चढायला लागतो त्याच्या जरा अलीकडे. गोव्याबाहेरच्या माणसाला गोवा म्हटलं की किनाऱ्यालगतचा रस्ता आणि त्यावरून काळ्या नंबरपाटीची भाड्याची जीप हाकणारे टोपीवाले पर्यटक दिसतात. आमचा गोवा घाटाच्या पायथ्याचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरीत त्याहूनही जास्त. जून उलटला की रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, वळणावर लाल चिखल वाहून येतो, आणि समोरून कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस आली की दोघांपैकी एकाला त्या शेवाळावर उतरावंच लागतं. इथे गाडीचा वेग कुणी विचारत नाही. पुढचं डावं चाक नेमकं कुठे आहे हे चालवणाऱ्याला कळतंय की नाही, यावर सगळं ठरतं.

माझ्या जुन्या गाडीत ते कळतं. फोर्ड फिएस्टा, 1.6 पेट्रोल, 2009 ची. स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे हलकं नाहीच, पण टायरखाली खडी आली की ती तळहाताला समजते. फोर्डने 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, पण माझ्या फिएस्टाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. तिची मुदत 2024 मध्ये संपली तेव्हा आरटीओत नेऊन, तपासणी करून पुढच्या 5 वर्षांची सोय करून घेतली. पहाटे उठून एकटाच चोर्ल्याला जाऊन चहा पिऊन परत येणारा माणूस आहे मी. घरात याला वेड म्हणतात आणि पेट्रोलचा हिशेब विचारत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मग नवी गाडी कशाला? तर आईच्या गुडघ्यांसाठी. फिएस्टात बसताना तिला आधी खाली जावं लागतं आणि उतरताना स्वतःला वर उचलावं लागतं. उतरताना ती एक हात दाराच्या चौकटीवर ठेवते, दुसरा माझ्या मनगटावर, आणि मनातल्या मनात काहीतरी म्हणून एकदम उठते. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीलगतच्या खुर्चीवर बसू नका. सेडान म्हणजे जमिनीलगतची खुर्चीच. सीट कमरेच्या उंचीला असली की माणूस नुसता वळून टेकतो आणि पाय आत घेतो. एसयूव्ही हवी ती एवढ्यासाठी. देशात 2024-25 मध्ये विकल्या गेलेल्या दर 100 प्रवासी गाड्यांमागे 65 एसयूव्ही किंवा त्यांच्या जवळच्या एमपीव्ही होत्या. त्यातल्या किती जणांना खरोखर डोंगर चढायचा होता कोण जाणे, पण बऱ्याच घरांत एखादी आई असणार, असा माझा कयास आहे.

एकदा एसयूव्ही म्हटलं की सल्ल्यांचा पूर येतो. काकांचं म्हणणं, घ्यायचीच तर सात सीटची घे, वेळप्रसंगी सगळे मावतात. हा वेळप्रसंग म्हणजे चतुर्थी. आमच्याकडे चतुर्थीला मूळ घरी जायचं म्हणजे माणसं कमी आणि सामान जास्त. नारळ, केळीचे घड, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला, बांधायची फळं आणि रानातलं काय काय, शिवाय वाटेत साखळीच्या बाजारात आईला आठवलेलं सगळं. तिसऱ्या रांगेत माणसं बसवली की डिकीत माटोळीच्या सुपाऱ्यांचा घोससुद्धा उभा राहत नाही. वर्षातले मोजके दिवस वापरायच्या दोन सीटांसाठी उरलेलं वर्षभर ते लांबलचक धूड बाणस्तारीच्या कोंडीत ओढत न्यायचं, हे बायकोलाच मंजूर नव्हतं. काकांना मी काही उत्तर दिलं नाही. तेही दरवर्षी येतात ते स्वतःच्या स्कूटरवरूनच.

त्यात सरकारने भर घातली. 2025 च्या 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटीत बदल होणार असं सांगितलं आणि गाडी घेणारे जिथे होते तिथे थांबले. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला, नवे दर 22 तारखेपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेला. मधली चतुर्थी फिएस्टातूनच झाली, नेहमीसारखी, मांडीवर केळ्यांचा घड घेऊन. आता या दरांची गंमत बघा. चार मीटरहून लांब, 1500 सीसीहून मोठं इंजिन आणि 170 मिलिमीटर किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) असलेल्या एसयूव्हीवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के सेस मिळून 50 टक्के होते, ते 40 झाले. 1500 सीसीच्या आतल्या मधल्या आकाराच्या गाड्यांवर 45 होते, तेही 40. म्हणजे मोठी गाडी साडेसहा टक्क्यांहून जास्त स्वस्त झाली आणि मधली जेमतेम साडेतीन टक्के. चोवीस लाखांच्या गाडीवर दीड लाखाच्या पुढे सूट म्हटल्यावर सेल्समन सोडतोय होय! "सर, आता मधली घेण्यात अर्थच नाही," हे वाक्य मी इतक्या शोरूममध्ये ऐकलं की सगळ्यांचं प्रशिक्षण एकाच खोलीत झालं असावं अशी शंका यायला लागली. जी गाडी मला नको, तिच्यावर वाचलेले पैसे माझे कसे, हे गणित मी बारावीच्या पोरांना घालणार आहे.

मोठ्या गाडीला माझा खरा आक्षेप पैशांचा नव्हता, रुंदीचा होता. एका रविवारी टेप घेऊन आम्ही केरीला गेलो. अंगणाच्या फाटकाचे चिऱ्यांचे दोन खांब आजोबांच्या काळातले, बैलगाडी आत यावी म्हणून ठेवलेले. मधे साडेसात फूट, म्हणजे 2286 मिलिमीटर. फाटकापर्यंत येणारी वाट दोन्हीकडून दगडी गडग्यांमध्ये कोंडलेली, एका बाजूला शेजाऱ्यांचं पोफळीचं कुळागर, दुसऱ्या बाजूला व्हाळ म्हणजे ओढा, आणि फाटकाशी काटकोनात वळायचं. आता कागदावरचे आकडे घ्या. स्कॉर्पिओ-एन 1917 मिलिमीटर रुंद, सफारी 1922, क्रेटा 1790, कुशाक 1760. यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. ते दोन्हीकडे आणखी बाहेर येतात. पहिल्या दोन गाड्या फाटकातून जातील, नाही असं नाही. आरसे मिटवून, मुलाला पुढे उभा करून, "ये, ये, अजून ये, बस्स" करत जातील. पण आषाढात, रात्री, काचेवर धुकं धरलेलं असताना तो सोहळा दर खेपेला कोण करणार? सफारी आणि कुशाक यांच्यात सहा इंचांचा फरक. सहा इंचांत आमच्याकडे माणूस गडग्याला पाठ लावून उभा राहतो आणि गाडी जाऊ देतो.

बायको टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "अरे, मग फाटकच रुंद कर ना." खांब आजोबांचे आहेत, असं मी म्हटलं. "आजोबांनी बैलगाडी बघून बांधले, तू गाडी बघून बांध." या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण पुढची वाट गावाची आहे आणि ती कुणाला रुंद करता येत नाही, एवढ्यावर मी निभावून नेलं.

ग्राउंड क्लिअरन्सचंही थोडं तसंच. त्या 170 मिलिमीटरची व्याख्या करताना गाडी रिकामी धरायची, असं जीएसटी कौन्सिलने 2023 मध्ये स्पष्ट केलं. माहितीपत्रकावर छापतात तेही बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचंच. आम्ही पाच जण, सामान आणि आईची देवाची पिशवी धरल्यावर त्यातलं किती उरतं ते प्रत्येक गाडीत निराळं. आणि नुसती उंची पुरत नाही. जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोटीने जायचं असेल तर सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी रॅम्पचा उतार असा काही होतो की गाडीचं नाक पुढे लांब असलं की पोट कितीही उंच असो, ते नाक आधी टेकतं. फेरीवरचा माणूस मग हाताने खूण करतो, हळू, अजून हळू, आणि मागच्या स्कूटरवाल्यांना अचानक तुमच्या गाडीत रस निर्माण होतो.

हे सगळं झाल्यावर खऱ्या मुद्द्याकडे येतो. आमच्या मुलीला गाडी लागते. बारा वर्षांची आहे. लहानपणी सगळ्या मुलांना लागते, मोठेपणी जाते, असं म्हणतात, पण हिची गेली नाही. चोर्ल्यात केरीचा नाका ओलांडला की ती गप्प होते, मग काच खाली होते, मग "बाबा, थांबव". हाताशी आवळासुपारीची डबी आणि प्लॅस्टिकची पिशवी या दोन गोष्टी आमच्या गाडीत स्टेपनीइतक्याच कायमच्या.

मळमळ होते ती कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरं सांगतात म्हणून. समुद्रावरच्या प्रवासाच्या निमित्ताने यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला 0.2 आवर्तनांच्या आसपासच्या संथ हेलकाव्याने, म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक. खड्ड्यांचे धक्के त्याहून कितीतरी जलद असतात. ते कंबर मोडतात, पण पोट ढवळत नाहीत. घाटात डावं-उजवं-डावं करत चढताना जवळपास तसाच संथ ताल लागतो. वळण तर रस्त्याने दिलेलं, ते टाळता येत नाही. पण त्या एका वळणात गाडी किती वेळा डुलते, हे गाडीवर आणि चालवणाऱ्यावर असतं. सस्पेन्शन सैल आणि अंग उंच असलं की गाडी आधी बाहेरच्या बाजूला कलते, मग चालवणारा स्टेअरिंग थोडं आणखी आत घेतो, मग ती सावरते तशी तो थोडं सोडतो, आणि मागे बसलेल्यांच्या वाट्याला एका वळणाचे तीन हेलकावे येतात. स्टेअरिंग नेमकं असलं की हात एकदा फिरतो आणि तिथेच थांबतो. मला यात मजा येते, मुलीला यात उलटी येत नाही. गोष्ट एकच.

म्हणून आम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतल्या त्या मागच्या सीटवर माणसं बसवून. शोरूमवाल्यांचा ठरलेला रस्ता असतो, चौपदरी महामार्गावर थोडं जायचं, वळायचं आणि परत. "सर, हायवेचेर ही विमान कशी वता," असं एक मुलगा कोंकणीत अगदी मनापासून म्हणाला. जात असेल. मी म्हटलं, बाबा, फर्मागुडीच्या चढावर आणि तिथून बोरीच्या वळणांवर ने. तो शोरूमला फोन करून परवानगी मागेपर्यंत आई मागे बसूनही झाली होती.

एक दणकट गाडी होती, लॅडर फ्रेमवरची, नाव नको. खाली पोलादी चौकट, तिच्यावर वेगळी बांधलेली बॉडी. ट्रक असेच बांधतात. चालकाच्या सीटवर बसलं की राज्यपाल झाल्यासारखं वाटतं आणि डिझेलचा जोर असा की फर्मागुडीचा चढ चढ वाटलाच नाही. या गाड्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. सत्तरीत डोंगरावर काजूची बाग असेल, पावसाळ्यात ओहोळातून खताची पोती न्यायची असतील, तर हीच घ्यावी, दुसरी घेऊ नये. पण बोरीच्या वळणांवर तिने आम्हाला होडीत बसवलं. पुलाच्या अलीकडे मुलीने काच खाली केली आणि मी आरशात बायकोकडे पाहिलं. त्या आरशातच त्या गाडीचा निकाल लागला.

आईचा निकाल वेगळ्या कारणाने लागला. उंच गाड्यांना पाय ठेवायला बाजूला पट्टी असते. ती कोरडी असेल तर ठीक. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला लाल चिखल सगळा तिच्यावरच बसतो. आईने पाय ठेवला, साडी वर धरली, आत बसली आणि उतरली तेव्हा मागच्या निऱ्यांना वीतभर लाल पट्टा. चिऱ्याच्या मातीचा डाग निघत नाही, हे गोव्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर फक्त म्हणाली, "गाडीत बसायचं असतं रे, चढायचं नसतं."

इंजिनाच्या बाबतीत मात्र घरात खरंखुरं भांडण झालं. माझा जीव डिझेलवर होता. पण माझ्या रोजच्या फेऱ्या छोट्या, आणि आताच्या डिझेल गाड्यांना त्या मानवत नाहीत. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळून टाकायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळायला हवी. घर ते विद्यालय, विद्यालय ते भाजी मार्केट, यात ती कोमटही होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणूस विनाकारण महामार्गावर चक्कर मारून येतो. मी ती आनंदाने मारली असती, पण हे कारण घरात चालण्यासारखं नव्हतं.

बायकोचं मत इलेक्ट्रिकचं. आणि सरळ सांगायचं तर तिचा हिशेब बिनतोड होता. फोंडा-पणजी रोजचं, स्वतःचं घर, अंगणात चार्जर, जीएसटी 5 टक्के, जोर हवा तेव्हा तत्काळ, शिवाय गिअर बदलताना बसणारा झटका नाही, म्हणजे मुलीच्या पोटालाही बरं. सत्तरीत पावसाळ्यात वीज जाते, असं मी म्हटलं. "सत्तरीत चार्ज करायला सांगतंय कोण?" ती म्हणाली. मी ते मत नाकारलं ते निव्वळ आवडीपोटी. इंजिन चढावर कुठल्या सुरात आहे ते ऐकून गिअर ठरवायची सवय लागलेल्या माणसाला ती शांतता सोसवत नाही. पुढची गाडी इलेक्ट्रिक, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय आणि त्याला साक्षीदार आहेत. हायब्रिड आम्ही दोघांनीही मनापासून पाहिली. शहरातल्या कोंडीत पेट्रोलवाल्यांत त्यांच्यासारखं काटकसरी दुसरं काही नाही. पण ज्यातून गिअरच काढून टाकलाय त्यात मी काय करू?

शेवटी येऊन थांबलो ते स्कोडा कुशाकवर, 1.5 टीएसआय, म्हणजे पेट्रोल. चार सिलिंडर, 150 पीएस, 250 न्यूटन-मीटर. संथ चालताना त्यातले दोन सिलिंडर आपोआप झोपतात आणि पाय दाबला की जागे होतात. रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स 188 मिलिमीटर, म्हणजे मिरवण्यासारखा नाही, पण सीट नेमकी आईच्या कमरेशी येते आणि बाजूला पट्टी नाही. गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 2022 मध्ये मोठ्यांसाठी 5 आणि मुलांसाठीही 5 स्टार. डिकी 385 लिटरची, मागे तीन मोठी माणसं दाटीनेच बसतील. आमच्याकडे मागे एक आजी आणि दोन पोरं, त्यामुळे तो प्रश्न पोरं मोठी होईपर्यंत पुढे ढकलला. हँडब्रेक अजून हाताने ओढायचा आहे. सेल्समनने हे जरा ओशाळून सांगितलं. फेरीबोटीच्या उतारावर उभं राहायचं असतं त्या माणसाला हे सांगताना ओशाळायचं काही कारण नाही.

बोरीच्या वळणांवर ही गाडी एकदा हात फिरवला की तिथेच राहिली. मागून आवाज आला नाही म्हणून मी वळून पाहिलं, तर मुलगी मोबाइलवर काहीतरी वाचत होती. चालत्या गाडीत, वळणांवर, वाचत होती! मी सेल्समनला तिथेच विचारलं, नोंदणीला किती भरायचे.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, सात गिअरांचा डीएसजी. इथे माझी आणि घराची आवड खरोखरच एक नव्हती, ते लपवत नाही. क्लच गेला याचं दुःख आहे. डीएसजीत दोन क्लच असतात, एक सम गिअरांचा, एक विषम, पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल माझ्या पायापेक्षा कितीतरी वेगात होतो. कौतुक आहे. पण ते दुसऱ्याच्या कामाचं कौतुक. बाणस्तारीला संध्याकाळी अर्धा-अर्धा मीटर सरकताना बायकोच्या डाव्या पायाने काय भोगलंय ते ती सांगू शकेल. तिने ते सांगितलं, आणि विषय संपला. मित्रांनी बजावलंय की असल्या कोंडीत ब्रेक अर्धवट सोडून रांगत राहू नका, क्लच तापतात, पुढे नीट जागा झाली की मगच निघा. हा सल्ला दोघांनीही पाळायचा, असं ठरलंय. मुलांचं म्हणणं एवढंच की छपराची काच शेवटपर्यंत जात नाही. एप्रिलमध्ये गोव्यात डोक्यावर काच कशाला हवी, ती जड, तिच्याने गाडीचं वजन वरच्या बाजूला जातं, असं मी समजावलं. मुलगा म्हणाला, "पण मित्राच्या गाडीत आहे." भौतिकशास्त्र इथे थांबतं.

कधी घ्यायची, हे आईने ठरवलं. ती सातेरीला प्रसाद लावून आली. देवीच्या अंगावर पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली की होय. मी विचारलं, कुठली गाडी ते विचारलंस का? "देवीला मॉडेल विचारायचं नसतं," आई म्हणाली, "दसऱ्याला आणायची का, एवढंच विचारलं." उजवी पडली. दसऱ्याला गाडी आणायचं ठरलं.

गाडी हाती येण्याआधीचा कागद बायकोने वाचला, बँकेतला माणूस कर्जाचा अर्ज वाचतो तसा, ओळीखाली पेन धरून. हँडलिंग चार्जेस नावाची एक ओळ होती. हे काय, तिने विचारलं. सगळ्यांकडून घेतात मॅडम. कशाचे घेता? गाडी आणायचे. गाडी तर तुमची आहे, तुमच्या शोरूमपर्यंत आणायचे आम्ही का द्यायचे? तो आत जाऊन आला आणि ओळ गेली. इन्शुरन्सही तिने बाहेरून काढला. माझ्या वाट्याला यार्डात जाऊन गाडी तपासण्याचं काम आलं, तेही काही कमी आनंदाचं नाही. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उन्हात गुडघे टेकून, मोबाइलचा दिवा लावून मी चारही टायर आणि डिकी उघडून स्टेपनीचेही वाचले. यार्डातला माणूस लांबून बघत होता. त्याला बहुधा वाटलं, मी चाकांच्या पाया पडतोय.

दसऱ्याला फर्मागुडीच्या गोपाळ गणपतीपुढे नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली, भटजींनी गाऱ्हाणं घातलं. रांगेत आमच्या पुढे मागे नव्याकोऱ्या गाड्याच गाड्या, जीएसटीची कृपा. एक्स्चेंजमध्ये फिएस्टाला जो भाव सांगितला तो ऐकून मी हसलो आणि ती घरीच ठेवली. तिच्यासाठी आंब्याखाली जागा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावला निघालो तेव्हा चावी बायकोने घेतली. आई पुढे, मी मागे, दोन मुलांच्या मधे. इतकी वर्षं चोर्ला मी फक्त पुढच्या काचेतून पाहिला होता. मागून तो वेगळाच दिसतो. वळण येतंय हे कळायच्या आत येतं, धरायला काही नसतं, आणि चालवणाऱ्याने ब्रेक वळणाच्या आधी दाबला की आत शिरून दाबला, हे पोटाला लगेच समजतं. ती आधी दाबते. मला वाटत होतं त्यापेक्षा ती कितीतरी छान चालवते, फक्त कर्नाटकच्या हद्दीत शिरेपर्यंत मी हे बोललो नाही, कारण मी एकदोनदा "आता तिसरा" असं पुटपुटलो होतो आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं गेलं होतं. कणकुंबीला थांबलो. मुलीने चहा नको म्हणून सांगितलं आणि मिसळ मागितली. आवळासुपारीची डबी आईच्या पिशवीत तशीच.

परतताना चावी मला मिळाली, एका अटीवर. स्टेअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरला, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या पट्ट्यांना, हात लावायचा नाही. "गिअर बदलायची एवढी हौस असेल तर घरी फिएस्टा उभी आहे." उतारावर खालच्या गिअरमध्ये राहिलं की ब्रेक तापत नाहीत आणि गाडी नाक खुपसत नाही, हे मागच्यांच्याच भल्याचं आहे, असं मी सांगून पाहिलं. तिने सीटबेल्ट लावला आणि डोळे मिटले. जांबोटीपर्यंत मी ती अट पाळली.